घेतला वसा टाकू नये: चातुर्मासात ओला कचरा घरातच जिरवण्याचा नेम

आषाढी एकादशी जवळ आली की घराघरांत नेमांच्या गोष्टी निघतात. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी एकभुक्त राहतं, कुणी मौनभोजन करतं, कुणी रोज दारात गोपद्मं काढतं. या सगळ्या नेमांची घडण एकच असते. गोष्ट एक आणि लहान, ती रोज करायची, पहिला आणि शेवटचा दिवस आधीच ठरलेला, आणि शेवटी उद्यापन. पर्यावरण जपणाऱ्या सवयी अंगी बाणवायला याहून चांगला साचा मला माहीत नाही. समाजमाध्यमांवर जी आव्हानं फिरतात, त्यांत बहुधा पहिल्याच आठवड्यात दहा गोष्टी बदलायच्या असतात. दहावी हातात घेईपर्यंत पहिली कधीच सुटलेली असते.

म्हणून मी एकच नेम सुचवते: या चातुर्मासात घरातला ओला कचरा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी, म्हणजे साधारण ११८ दिवस. मध्ये अधिक महिना आला तर आणखी एक महिना मिळतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, तेव्हा चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता. ही मुदत सवय लागायला पुरेशी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर एक अभ्यास केला होता. खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी नवी गोष्ट विचार न करता आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस लागतात, असं त्यात दिसलं. कुणाला १८ दिवस पुरतील, तर कुणाला २५४ लागतील, इतका मोठा फरक माणसामाणसांत होता. २१ दिवसांत सवय लागते असं जे सर्रास सांगितलं जातं, त्याच्या भरवशावर बसणारे बाविसाव्या दिवशी निराश होतात. याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. तेव्हा चुकलेल्या दिवसाचं प्रायश्चित्त करत बसू नका, दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवा.

ज्यांच्या घरी चातुर्मास पाळत नाहीत, त्यांनी कोणतेही चार महिने धरावेत. बौद्ध घरांत आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. पावसाळ्यात वाढलेले जीवजंतू पायाखाली येऊ नयेत म्हणून जैन साधू-साध्वी चार महिने एकाच गावी मुक्काम करतात. पावसाळ्यात थोडं थांबायचं आणि आपल्यामुळे कुणाला काय सोसावं लागतं ते पाहायचं, ही समज या मातीत जुनी आहे.

ओला कचराच का

घरातल्या कचऱ्यात वजनाने सगळ्यात जास्त असतो तो ओला. तो प्लॅस्टिक-कागदात मिसळला की सुकाही खराब होतो आणि काहीच कामाचं उरत नाही. गाडीतून डेपोवर गेलेला ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजतो आणि त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो आणि तो पेटही घेतो. मुंबईचं देवनार डम्पिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. तिथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर शहरावर कित्येक दिवस होता. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं शेजारच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या माथी पडला आणि तिथल्या विहिरींचं पाणी नासलं. आपल्या भाजीची देठं कुणाच्या तरी विहिरीपर्यंत पोचतात, हे एकदा मनात रुजलं की रोजचा पाच मिनिटांचा नेम जड जात नाही.

आणखी एक कारण आहे. रोज स्वतःच्या हाताने कचरा बादलीत टाकताना आपण काय खातो, किती टाकतो, कुठे हात सैल सोडतो, हे डोळ्यांना दिसतं. सजग जगण्यावर कितीही वाचलं, तरी हे दिसणं त्यातून येत नाही.

एकादशीच्या आधीचा आठवडा: फक्त बघायचं

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. ओला कचरा वेगळ्या भांड्यात साठवा आणि रोज रात्री त्याचं वजन करा. सामान तोलायचा आकड्याचा छोटा काटा असेल तर उत्तम. दूध-पेपरच्या खाड्यांच्या नोंदी जिथे होतात, त्या भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीतच हाही आकडा लिहा. चौघांच्या घरात रोज साधारण अर्धा ते एक किलो निघतो. आकडा एक नको, दोन ठेवा: निवडण्या-चिरण्यात निघालेला कचरा वेगळा आणि शिजलेलं-उरलेलं अन्न वेगळं. पहिला अटळ आहे, दुसरा नाही. पुढे सगळ्यात जास्त समाधान हा दुसरा आकडा उतरताना पाहण्यात मिळतं.

याच आठवड्यात सुका माल जमवा. खरं तर तो फाल्गुन-चैत्रात पानगळीच्या वेळी पोती भरून ठेवायचा असतो, कारण पावसात कोरडा पाचोळा मिळत नाही. नसेल ठेवला तर रोपवाटिकेत कोकोपीटची वीट मिळते, वखारीत लाकडाचा भुसा मिळतो. प्लायवूडचा भुसा मात्र घेऊ नका, त्यात रासायनिक गोंद असतो. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, खोक्यांचे तुकडे, वर्तमानपत्राच्या पट्ट्या हेही चालतं. श्रावणात घरोघरी नारळ फुटतात. त्यांची शेंडी पिंजून ठेवली तर फुकटचा उत्तम सुका माल होतो.

नेम शब्दांत मांडायचा

"मी पर्यावरणपूरक जगेन" हा नेम होऊ शकत नाही, कारण तो आज पाळला की नाही हे रात्री सांगता येत नाही. नेम असा लिहा: "संध्याकाळचा स्वयंपाक आटोपून ओटा पुसला की लगेच दिवसाचा ओला कचरा खताच्या बादलीत टाकीन आणि त्यावर सुका माल पसरीन." आधीपासून रोज होणाऱ्या कामाच्या शेपटीला नवं काम बांधलं की आठवण ठेवावी लागत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये हेच मांडलं होतं: नुसत्या इच्छेपेक्षा "असं झालं की मी असं करीन" हे ठरवून ठेवल्याने काम पार पडण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून अडचणीही आत्ताच लिहून टाका. गावी गेलो तर बादली कोण बघेल? पाहुणे आले आणि कचरा दुप्पट झाला तर? आजारी पडले तर?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्याकडे व्रतवैकल्यं आजवर बहुतेक बायकांच्याच वाट्याला आली. पर्यावरणाचा नेमही तसाच घरातल्या बाईच्या ओट्यावर आणून ठेवला, तर तो नेम राहत नाही, आणखी एक काम होतं. म्हणून पहिल्याच दिवशी वाटणी करा. भाजी निवडणाऱ्याने देठं चिरून ठेवायची, बादलीत टाकणं आणि ढवळणं दुसऱ्याकडे, सुका माल आणणं तिसऱ्याकडे, वजन आणि नोंद मुलांकडे. "बाबा, आज तुमची पाळी आहे" हे वाक्य घरात ऐकू येऊ लागलं की नेम टिकतो.

बादली लावणं

महागडा संच घ्यायची गरज नाही. रंगाच्या वीस लिटरच्या रिकाम्या, झाकणाच्या बादल्या रंगाऱ्याकडे किंवा भंगारवाल्याकडे मिळतात. चौघांच्या घराला तीन लागतात. एक बादली भरायला साधारण महिना लागतो आणि भरल्यावर खत तयार व्हायला दीड ते दोन महिने, म्हणून एक भरत असताना दोन मुरत ठेवायच्या.

बादली स्वच्छ धुऊन बाजूंना वीतभर अंतराने आणि तळाला ड्रिलने भोकं पाडा. माश्यांचा त्रास असेल तर भोकांवर आतून जाळीचं कापड चिकटवा. खाली ताट आणि ताटात दोन विटा, म्हणजे पाणी निथळेल आणि तळाला हवाही लागेल. जागा पाऊस न लागणारी, सावलीची हवी: गॅलरीचा कोपरा, जिन्याखालची जागा, गॅलरी नसेल तर ओट्याखाली. झाकण घट्ट बसत असेल आणि सुका माल पुरेसा पडत असेल तर घरातही वास येत नाही.

तळाला तीन-चार बोटं सुक्या मालाचा थर द्या. त्यावर खताचं विरजण घाला: कुणाकडून आणलेलं मूठ-दोन मुठी तयार खत, ते नसेल तर शेणकाल्याचा शिपका, तेही नसेल तर आंबट ताक. पुढे रोजचा क्रम एकच. कचरा बारीक चिरून टाकायचा, पसरायचा आणि तो पूर्ण झाकला जाईल इतका सुका माल घालायचा. एरवी कचऱ्याइतकाच सुका माल पुरतो, पावसाळ्यात दीडपट घ्या. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागाला २५ ते ३० भाग कर्ब (कार्बन) लागतो. नत्र हिरव्या ओल्या कचऱ्यातून मिळतो, कर्ब पाचोळ्या-पुठ्ठ्यातून. घरच्या खताच्या बहुतेक तक्रारी हे प्रमाण बिघडल्यानेच येतात.

काय घालायचं नाही तेही सांगते. मासळी, मटण, हाडं, दुधाचे पदार्थ आणि तेलकट उरलंसुरलं पहिल्या चातुर्मासात तरी नको. आमटी-भाजीचा रस गाळून टाका. लिंबाच्या फोडी थोड्या चालतात, रस काढल्यावरचा ढीग नको. आंब्याच्या कोयी, नारळाच्या करवंट्या आणि मक्याची कणसं अतिशय सावकाश कुजतात, बादलीत नुसती जागा अडवतात. अंड्याची टरफलं चुरून घाला. चहाचा चोथा साखर-दूध धुऊन घाला.

तीन-चार दिवसांनी एकदा खालपासून वर ढवळा. हात बादलीच्या बाहेरून मधल्या भागाला लावून पाहा. कोमट लागलं की आत काम चालू आहे.

पावसाळ्यातल्या तक्रारी

श्रावणातली हवा खताला अवघड असते. पण या चार महिन्यांत जमलं की बाकीचं वर्ष सोपं जातं.

कुजका वास येतोय म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. ढवळा, भरपूर सुका माल घाला आणि दोन दिवस नवा कचरा कमी टाका. ओलावा बरोबर आहे का ते मुठीने कळतं: मिश्रण घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटींत एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर फार ओलं, मूठ उघडताच भुगा सुटला तर फार कोरडं. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं आहे, पाण्याचा हबका मारा. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, ती कुजवण्याचंच काम करते.

सगळ्यात जास्त लोक अळ्या बघून सोडून देतात. जाड, चपट्या, करड्या-तपकिरी अळ्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, आणि तिची पूर्ण वाढ झालेली माशी घरमाशीसारखी आपल्या अन्नावर येऊन बसत नाही. उलट या अळ्या कचरा झपाट्याने संपवतात. मारू नका, औषध तर मुळीच फवारू नका. नकोशा वाटत असतील तर सुका माल वाढवा आणि अन्नाचा एकही तुकडा उघडा ठेवू नका, संख्या आपोआप कमी होते. चिलटं झाली तर वरचा थर आणखी जाड करा.

भरलेली बादली अधूनमधून ढवळत दीड-दोन महिने ठेवा. आकारमान चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येतं. रंग काळपट, पोत भुसभुशीत आणि पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास, म्हणजे खत झालं. चाळणीने चाळा आणि वर उरलेले तुकडे पुढच्या बादलीत टाका. कुंडीत एक भाग खताला दोन-तीन भाग माती धरा. नुसत्या खतात झाड लावू नका.

भाद्रपद लागेपर्यंत दुसरा नेम नको

पहिल्या दीड महिन्यात मन उत्साहात असतं आणि आणखी काही घ्यावंसं वाटतं. थांबा. ओल्या कचऱ्याचं काम हाताला सहज येऊ लागलं, कालनिर्णयवर फुल्या न चुकता पडू लागल्या की मगच दुसरं घ्या.

मला स्वतःला दुसरा नेम म्हणून मौनभोजन सगळ्यात जवळचं वाटतं. दिवसातलं एक जेवण फोन आणि टीव्ही बंद ठेवून, शक्य तितकं शांतपणे जेवायचं. याचा कचऱ्याशी थेट संबंध आहे. लक्ष ताटात असलं की पोट भरल्याचं वेळेवर कळतं, पुन्हा वाढून घेतलेलं टाकलं जात नाही, आणि तो "उरलेल्या अन्नाचा" आकडा खाली येतो. जे उरतं त्याला आपल्या स्वयंपाकघरात मान होताच: फोडणीची पोळी, फोडणीचा भात, शिळ्या भाकरीचा काला. पोळ्या मोजून लाटणं आणि उद्याच्या न्याहारीचा विचार रात्रीच करणं, एवढ्यावर बरंच जमतं.

सुक्या कचऱ्यात फार बदल न करताही फरक दिसेल, कारण आता तो खरोखरच सुका असतो. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. सुटलेले इवले तुकडे वेचले जात नाहीत आणि थेट गटारात जातात. पिशवी धुऊन वाळवून द्या. वेफर्स-कुरकुऱ्यांच्या चकचकीत पिशव्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून भंगारवाला त्या घेत नाही. त्यांना उपाय एकच, कमी आणणं. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी भाजीवाल्याकडे पिशवी मागणारे आपणच असतो. कापडी पिशवी घरी नव्हे, चपलांच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवा.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून द्या. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने ही मोहीम चालवली, ती वेचणाऱ्यांना पुडी न उघडता आत काय आहे ते कळावं म्हणून. ज्या बाईंच्या हातात आपण रोज कचरा देतो, त्यांना हातमोज्यांशिवाय ते उघडावं लागू नये, एवढी साधी गोष्ट आहे ही.

सण येतील तेव्हा

चातुर्मासाची खरी कसोटी गणपती ते दिवाळी. तयारी आधीच करून ठेवा.

हरतालिका आणि गणपतीच्या पत्रीसाठी बाजारातले जुडगे आणण्यापेक्षा अंगणात-सोसायटीत जे आहे त्यातलं एकेक पान घ्या. निर्माल्यातले दोरे, जरी, प्लॅस्टिकची फुलं काढा आणि पाकळ्या मोकळ्या करून बादलीत घाला. झेंडू लवकर कुजतो. शाडूची मूर्ती असेल तर बादलीत विसर्जन करा. ती माती कुंडीत ओतू नका, ती फार चिकण असल्याने मातीतला निचरा बंद होतो. वाळवून मूर्तिकाराला परत द्या, पुन्हा मूर्ती होते. घरी प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आली असेल तर ती साध्या पाण्यात विरघळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ती विरघळवायची पद्धत दिली आहे. उरतं ते अमोनियम सल्फेटचं पाणी आणि चुन्याचा गाळ. हा खायचा सोडा नव्हे, ते लक्षात ठेवा. अमोनियाचा उग्र वास येतो, म्हणून बादली हवेशीर जागी ठेवा.

या दिवसांत कचरा दुप्पट होतो. एक रिकामी बादली आणि एक पोतं सुका माल राखून ठेवा, म्हणजे ऐन मोदकांच्या गडबडीत नेम मोडत नाही. दिवाळीत तळणीचं तेल बादलीतही नको आणि मोरीतही नको. थोडं असेल तर कागदाने टिपून घ्या, जास्त असेल तर गाळून फोडणीला लवकर संपवा. फराळ वाटताना स्टीलचे डबे द्या आणि हक्काने परत मागा.

उद्यापन

कार्तिकी एकादशीच्या आधी पुन्हा एक आठवडा दोन्ही आकडे काटेकोर नोंदवा आणि आषाढातल्या आकड्यांशेजारी ठेवा. घरातल्या सगळ्यांना ते एकत्र बसून बघू द्या. मग प्रत्येकाने सांगावं: कोणतं काम आता आपोआप होतं, कोणतं अजून ओढून करावं लागतं. जे ओढून होतं त्याची पाळी बदला किंवा ते काम आणखी सोपं करा.

उद्यापनाला दान असतं. इथे द्यायचं ते खत आणि एक भोकं पाडलेली बादली, शेजारच्या किंवा नात्यातल्या एका घराला. खत पूर्ण वाळवून देऊ नका, वाळलं की त्यातले जिवाणू सुस्तावतात. थोडं ओलसर असतानाच गोणपाटाच्या किंवा कापडाच्या पिशवीत भरा, प्लॅस्टिकमध्ये कोंडू नका. सोबत पोतंभर सुका माल द्या, कारण नव्या माणसाचं पहिल्या पंधरवड्यात तिथेच अडतं. आणि पहिल्या अळ्या दिसल्या की घाबरून बादली रिकामी करायच्या आधी तुम्हाला फोन करायला सांगा.